जुन्या रायफलीची जन्मपत्रिका

लिलावात शेवटची बोली लागते, हातोडा पडतो आणि शंभर वर्षांपूर्वीची शिकारी रायफल नव्या मालकाच्या हाती येते. नळीवर गंज, दस्ता काळवंडलेला, बनवणाऱ्याचे नाव अर्धे पुसलेले. ब्रिटनमधल्या लिलावघरांत हे दृश्य नेहमीचेच. हौशी माणूस लगेच पॉलिश पेपर शोधू लागतो. जाणकार आधी रायफल रिकामी असल्याची खात्री करतो आणि मग हाती भिंग घेतो.

नळीचा जो भाग लाकडाखाली दडलेला असतो, तिथे बारीक ठसे सापडतात. ब्रिटनमध्ये बंदूक विकण्यापूर्वी जादा दाबाचे काडतूस झाडून नळीची परीक्षा घेतली जाते; त्याची ही खूण. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली, तर बर्मिंगहॅमचे तपासणीघर १८१३ मध्ये स्थापन झाले. ठसे काळानुसार बदलत गेले. त्यांवरून रायफलीच्या वयाचा अंदाज येतो आणि ती काळ्या दारूसाठी तपासली होती की बिनधुराच्या, हेही कळते.

नुसत्या नावावर विसंबणे मात्र धोक्याचे. .४५०/४०० या एकाच नावाची काडतुसे तीन इंची, सव्वातीन इंची अशा वेगवेगळ्या लांबीची आहेत. म्हणून कारागीर नळीच्या मागच्या टोकात वितळवलेले गंधक ओतून साचा काढतो आणि तो मोजतो. उरलेली हकिगत अनुक्रमांक सांगतो. कंपनीच्या जुन्या वह्या शाबूत असतील, तर पहिला गिऱ्हाईकही सापडतो.

कधी एखादा छोटा पत्राच सारे सांगून जातो. जिम कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिने ४३६ बळी घेतल्याचे सांगितले जाते. त्याबद्दल संयुक्त प्रांताचे नायब गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्यांना रिग्बी कंपनीची .२७५ बोअरची रायफल भेट दिली. तशी नोंद दस्त्यावरच्या चांदीच्या पत्र्यावर कोरलेली आहे. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या याच रायफलीने टिपला गेला. पत्रा झिजला असता, तर ती इतर रायफलींसारखीच एक ठरली असती.

म्हणूनच दुरुस्तीचा पहिला नियम: कमीत कमी करा. गंजावर तेल सोडून तो मुरल्यावर हलक्या हाताने काढावा. दस्त्यावरचा पोचा ओले फडके आणि गरम इस्त्री यांच्या वाफेने वर येतो. तासायची गरज नसते. मग जवसाच्या तेलाचे पातळ हात. नळीचा काळा रंग परत आणायचा, तर कारागीर तिला मुद्दाम गंजवतो आणि पाण्यात उकळतो. लाल गंज काळा होतो, तो घासायचा आणि पुन्हा तेच. जोडनळीच्या रायफलीवर झटपट कॉस्टिकची प्रक्रिया केली, तर नळ्या जोडणारे डाखच सुटू शकते.

आपल्याकडे आजोबांची रायफल माळ्यावर सापडली, तर आधी कायदा पाहावा. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे चालू स्थितीतल्या रायफलीला परवाना लागतो. परवानाधारक वारल्यास वारसांनी ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. शिकारीचे दिवस तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवले. कॉर्बेट यांनीही पुढे बंदुकीपेक्षा कॅमेराच जवळ केला आणि आज त्यांचे नाव वाघांच्या अभयारण्याला आहे. जुन्या रायफलीत आता जपायची असते ती तिची हकिगत. आणि ती एका पॉलिश पेपरने कायमची पुसली जाते.