पन्नास हजार छायाचित्रांचा एक चंद्र

हिंगोली - औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. वेधशाळा म्हटले, की आकाशाच्या छायाचित्रांची अपेक्षा साहजिकच होते. पण ही वेधशाळा गुरुत्वीय लहरींची चाहूल घेणार आहे. छायाचित्रांसाठी एवढा खटाटोप लागतही नाही. पुण्यातील एका १६ वर्षांच्या मुलाने मे २०२१ मध्ये पाच इंची दुर्बिणीतून टिपलेला चंद्र देशभर गाजला. त्यामागे ५० हजारांहून अधिक छायाचित्रे होती. मग तो चंद्र खरा, की संगणकाने रचलेला? ही शंका रास्तच आहे.

चंद्रबिंब आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद दिसते. तरीही दुर्बिणीने ते मोठे केले, की छोट्या कॅमेऱ्यात त्याचा एक तुकडाच मावतो. म्हणून या मुलाने निरनिराळ्या भागांच्या ३८ चित्रफिती घेतल्या. चित्रफिती अशासाठी, की डोक्यावरची हवा सतत थरथरत असते आणि चंद्राची प्रतिमा तिच्याबरोबर हलते. हवा क्षणभर स्थिर असताना मिळालेल्या चौकटी संगणक निवडतो, एकावर एक ठेवतो आणि त्यांची सरासरी काढतो. कॅमेऱ्याचे दोष विरतात, विवरे स्पष्ट होतात. अशा ३८ तुकड्यांची मग गोधडी शिवायची!

शिवण लपवायची, तर शेजारच्या तुकड्यांत थोडा भाग समान हवा. त्यातील विवरे एकमेकांवर बसवून जोड मिळतो. कॅमेऱ्याची मापेही सर्व तुकड्यांसाठी एकच ठेवावी लागतात. खरी अडचण वेगळीच आहे. चंद्रावरील उजेड-अंधाराची सीमा विषुववृत्तावर तासाला सुमारे १५ किलोमीटर सरकते. चित्रण चार तास चालले, म्हणजे तोवर ती ६० किलोमीटर पुढे गेलेली असते. या सीमेलगतचे तुकडे पाठोपाठ टिपले नाहीत, तर सावल्या जुळत नाहीत.

त्या छायाचित्रातील निळसर-तांबूस छटांवरही अनेकांचा आक्षेप असतो. त्या वाढवलेल्या असतात, रंगवलेल्या नव्हेत. टायटॅनियम अधिक असलेले खडक निळसर दिसतात, कमी असलेले तांबूस.

या मुलाला सारी जुळणी करण्यास ३८ ते ४० तास लागले. एखादा तुकडा टिपायचा राहून गेल्याचे बहुधा याच टप्प्यावर कळते. ती फट शेजारच्या विवरांची नक्कल करून बुजवणारी सॉफ्टवेअर आज सहज मिळतात. मात्र तसे केले, तर तेवढा चंद्र खोटा ठरतो. फट काळी ठेवावी, किंवा पुढच्या महिन्यात चंद्राची तीच कला येईपर्यंत थांबावे.