जन्म गोठणगावचा, कागद परदेशी नागरिकाचा!

समजा, तुमचा जन्म अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. नवेगावचं जंगल आणि इटियाडोहचं पाणी बघत लहानाचे मोठे झालात. हिंदी फर्डी बोलता, मराठी कळते, क्रिकेटमध्ये इंडियासाठी घसा कोरडा करता. आणि सोळावं वर्ष लागलं की कुणीतरी सांगतं, ‘चल, आता तुझी परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची आहे.’

कसं वाटेल?

गोठणगावजवळच्या नोर्ग्येलिंग वसाहतीतल्या, म्हणजे आपल्या बोलीत ‘तिबेटी कॅम्प’मधल्या पोरापोरींसाठी हे काही ‘समजा’ नाही. 1959 नंतर तिबेटमधून भारतात आलेल्या कुटुंबांसाठी ही वसाहत 1972 मध्ये वसली. तेव्हा जिल्हा भंडारा होता, 1 मे 1999 ला गोंदिया झाला. जिल्हा बदलला, तिसरी पिढी कॉलेजात गेली, पण ‘आरसी’ काही सुटली नाही.

आरसी म्हणजे रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट. तिबेटी माणसाच्या भारतात राहण्याचा हाच मुख्य पुरावा. बँकेचं खातं असो की अॅडमिशन, प्रश्न एकच, ‘आरसी आहे का? मुदत कधीपर्यंत?’

दरवर्षीची वारी थांबली, पण...

पूर्वी या कागदाचं नूतनीकरण सारखं करावं लागायचं, बहुतेकांना दरवर्षी. जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंदणी पोलीस अधीक्षकांकडे असते. म्हणजे कॅम्पमधून निघा, अर्जुनीला गाडी पकडा आणि गोंदिया गाठा. त्यात हिवाळ्यात घरातली अर्धी माणसं स्वेटर विकायला गावोगावी गेलेली. मुदत नेमकी तेव्हाच संपली तर धंदा सोडून परत या!

2012 नंतर इथं जन्मलेल्यांना आणि वीस वर्षांहून जास्त काळ राहिलेल्यांना पाच वर्षांची मुदत मिळू लागली. 2018 मध्ये परदेशी नागरिकांच्या कामांसाठी ई-एफआरआरओ ही ऑनलाइन व्यवस्था आली. पाच वर्षांतून एकदा अर्ज, तोही स्क्रीनवर. केवढा दिलासा! पण ऑनलाइन फॉर्ममध्ये नावाचं एक स्पेलिंग चुकलं की काय होतं, हे स्कॉलरशिपचा फॉर्म भरलेल्या कुणालाही सांगायला नको.

1 सप्टेंबर 2025 पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा लागू झाला. 1920, 1939, 1946 आणि 2000 सालचे चार कायदे जाऊन त्यांच्या जागी हा एक आला. आपल्याकडे राहणाऱ्या परदेशी व्यक्तींची माहिती हॉटेलांनी, शिक्षणसंस्थांनी आणि हॉस्पिटलांनी कळवायची, हे त्यात आहे. चौकट नवी झाली, नोंदणी मात्र कायम.

मग पासपोर्टच का घेत नाहीत?

मित्र हमखास विचारतात. उत्तर सोपं नाही. 26 जानेवारी 1950 ते 1 जुलै 1987 या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती कायद्यानं जन्मतःच भारतीय. दिल्ली उच्च न्यायालयानं 2010 आणि पुन्हा 2016 मध्ये तिबेटींच्या बाबतीत हे मान्य केलं. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आई-वडिलांचं नागरिकत्व बघितलं जातं. म्हणजे आजच्या कॉलेजवाल्यांचा निकाल बऱ्याचदा आई-बाबांच्या जन्मदाखल्यावर अडतो.

2017 मध्ये पासपोर्टचा मार्ग मोकळा झाला, पण सोबत अटी आल्या. आरसी परत करा, परदेश प्रवासाचं पिवळं ओळखपत्र परत करा आणि वसाहतीत राहणं सोडा. म्हणजे एका हातात पासपोर्ट, दुसऱ्या हातात आजीचं घर. निवडा!

शिवाय प्रश्न मनाचाही आहे. काहींना वाटतं, भारतीय झालो तर तिबेटचं काय? काहींना वाटतं, जिथं जन्मलो तिथलंच व्हावं. एकाच घरात दोन्ही मतं असू शकतात, आणि दोन्ही खरी असू शकतात.

आपण मात्र एक करू शकतो. यंदाच्या थंडीत तिबेटी दुकानात स्वेटर घेताना ‘तुम्ही कुठले?’ असं विचारलं आणि समोरून ‘गोंदिया जिल्हा’ असं उत्तर आलं, तर ‘नाही, मूळचे कुठले?’ असं पुन्हा विचारू नका.

उत्तर मिळालेलं असतं.