सावधान ते विश्राम

पहाटे साडेपाचला लेडीज होस्टेलच्या कॉरिडॉरमधून ठक् ठक् बुटांचा आवाज येतो आणि तुमची साखरझोप मोडते, हो ना? त्या आवाजाची एक आरोपी मी! सबमिशनसाठी रात्री दोनपर्यंत जागलेल्या सगळ्या मैत्रिणींची आधी मनापासून माफी मागते. दुसरी माफी मराठीबद्दल. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, मराठी फक्त आजीशी बोलण्यापुरतं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

लेख लिहायचं कारण असं की गेली दोन वर्षं मेसच्या टेबलावर मला हमखास दोन प्रश्न विचारले जातात. "एनसीसीत तुम्ही नुसतं डावं-उजवं करता का गं?" आणि "सर्टिफिकेटसाठीच करतेस ना?" पोळी हातात असताना नीट उत्तर देता येत नाही, म्हणून आज लिहूनच देते.

थोडा इतिहास (झोपू नका!)

एनसीसी म्हणजे नॅशनल कॅडेट कोअर, मराठीत राष्ट्रीय छात्र सेना. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशीवरून 1948 साली संसदेने कायदा केला आणि 15 जुलै 1948 रोजी ती सुरू झाली. पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग आला. 1962 च्या युद्धानंतर, 1963 मध्ये कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली आणि 1968 पासून पुन्हा ऐच्छिक. माझे आजोबा त्या सक्तीच्या काळातले. मी युनिफॉर्म घालून पहिल्यांदा घरी गेले तेव्हा त्यांनी काही न बोलता माझ्या बेरेवरचा लाल तुरा सरळ केला. साठ वर्षांनीही डोळ्याला तिरकं खुपतंच!

एनसीसीच्या झेंड्यावर लाल, गडद निळा आणि आकाशी असे तीन पट्टे असतात, म्हणजे भूदल, नौदल आणि वायुदल. त्यावरची 17 कमळं म्हणजे देशातली 17 संचालनालयं. ब्रीदवाक्य 'एकता और अनुशासन'. नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी एनसीसी दिवस असतो.

डावं-उजवं म्हणजे काय?

ड्रिलचे सगळे हुकूम हिंदीत. कॉन्व्हेंटमध्ये 'लेफ्ट-राइट' शिकलेली मी पहिल्या दिवशी "बाएँ मुड" ऐकून उजवीकडे वळले आणि शेजारणीच्या नाकासमोर माझं नाक! आमचे उस्ताद (शिकवणाऱ्या लष्करी हवालदारांना आम्ही उस्तादच म्हणतो) हसले नाहीत. त्यांनी फक्त मला मैदानाला एक चक्कर मारायला लावली.

मग कळलं की यात बरंच काही मोजूनमापून असतं. सावधानमध्ये टाचा जुळलेल्या आणि पंजांमध्ये 30 अंशांचा कोन. विश्राममध्ये दोन टाचांत 12 इंच. हुकुमाचेही दोन भाग असतात. 'पीछेऽऽ' हा लांबवलेला भाग तयार राहण्यासाठी आणि 'मुड' हा झटक्यात करण्यासाठी. लांबवलेला भाग नीट दिला नाही तर चाळीस जणी चाळीस वेळी वळतात.

लष्कराच्या तेज चालीचा ठोका मिनिटाला 120 पावलांचा, म्हणजे सेकंदाला दोन, म्हणजे दोन हर्ट्झ! व्हायब्रेशन्स शिकलेल्यांचे कान टवकारले असतील. 1831 साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या ब्रॉटन झुलत्या पुलावरून 74 सैनिक एका तालात चालत गेले आणि पूल हलायला लागून कोसळला. एक बोल्ट मुळात कच्चा होता, पण धक्का तालाने दिला. त्यानंतर ब्रिटिश सैन्यात पुलावरून जाताना मुद्दाम कदम मोडून चालायचा हुकूम निघाला. म्हणजे कदम मोडणं हाही शिस्तीचाच भाग! हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

15 ऑगस्टची गोष्ट

तुम्हाला दिसते ती अर्ध्या तासाची परेड. त्याआधी दोन आठवडे रोज सराव असतो. झेंड्याची घडी घालून त्यात फुलांच्या पाकळ्या ठेवायच्या आणि अशी गाठ मारायची की वर जाईपर्यंत सुटू नये आणि प्रमुख पाहुण्यांनी दोरी ओढली की एका झटक्यात सुटावी. ही गाठ बांधायची जबाबदारी ज्या कॅडेटवर असते ती आदल्या रात्री जेवत नाही! झेंडा झपकन चढवायचा आणि सावकाश उतरवायचा, असं ध्वजसंहितेतच आहे. सकाळी सगळं कॉलेज मोबाइल घेऊन हजर असतं. संध्याकाळी झेंडा उतरवायला आम्ही चौघी आणि वॉचमन काका. मला तीच वेळ जास्त आवडते.

त्या वर्षी प्रमुख पाहुण्यांना यायला उशीर झाला. आम्ही उन्हात उभ्या. भाषण सुरू असताना माझ्या उजव्या हाताला उभी असलेली माझी रूममेट आधी झुलली आणि मग सरळ तोंडावर पडली. माझ्यापासून एका हाताच्या अंतरावर. आणि मी हलले नाही. सूचनाच तशी होती. मागे स्ट्रेचर आणि पाणी घेऊन दोघी तयार असतात, उचलायचं काम त्यांचं, रांगेने जागा सोडायची नाही. वीस सेकंदांत तिला उचललं. मला ती वीस मिनिटं वाटली.

असं का होतं ते डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पोटऱ्यांचे स्नायू पायातलं रक्त वर ढकलणाऱ्या पंपासारखं काम करतात. गुडघे ताठ करून बराच वेळ निश्चल उभं राहिलं की पंप बंद, रक्त पायात साचतं, मेंदूला कमी पडतं आणि माणूस कोसळतो. वर ती पोरगी उपाशीपोटी आली होती! उपाय सोपा. नाश्ता करून या, पाणी प्या, गुडघे जरा सैल ठेवा आणि बुटाच्या आत बोटं हलवत राहा. बाहेरून कुणाला कळत नाही. परेड पाहताना यापुढे आमच्या बुटांकडे बघा, आत दंगा चालू असतो.

तिच्या हनुवटीला दोन टाके पडले. रात्री खोलीवर मी तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "अगं, तू वाकली असतीस तर मागच्या स्ट्रेचरवाल्या तुझ्यावर धडपडल्या असत्या." पण कॉरिडॉरमध्ये कुणीतरी म्हणालंच, "मैत्रीण पडली तरी पुतळ्यासारखी उभी! कसली शिस्त ही?" ते मला फार लागलं.

घाटावर

मग गणपती आले. विसर्जनाच्या दिवशी आमच्या तुकडीची ड्यूटी नदीघाटावर होती. निर्माल्य कलशात गोळा करायचं, लोकांना कृत्रिम हौदाकडे वळवायचं आणि पाण्याच्या कडेला हातात हात धरून साखळी करायची. मी साखळीत होते. रात्री नऊच्या सुमारास एक आजी घरचा छोटा गणपती घेऊन गर्दीत अडकल्या. त्यांना हौद सापडेना. मला 15 ऑगस्ट आठवला. या वेळी पुतळा व्हायचं नाही असं ठरवलं आणि हात सोडून मी आजींना घेऊन निघाले.

आजी हौदापाशी पोचल्या, आशीर्वादही मिळाला. परत आले तर माझ्या जागी पडलेल्या फटीतून गर्दी आत घुसली होती आणि शेजारची ज्युनिअर गुडघाभर पाण्यात घसरली होती. पोलीसदादांनी तिला ओढून बाहेर काढलं. तिला काही झालं नाही, पण ती थरथरत होती. आमच्या एएनओ मॅडम (म्हणजे एनसीसी सांभाळणाऱ्या प्राध्यापिका) ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "निघताना शेजारणीला सांगितलं होतंस?"

नव्हतं सांगितलं. एक शब्द पुरला असता. "मी जातेय, हात धर." दोघींनी हात जुळवले असते आणि फट पडली नसती.

मित्रांनो, दोन वर्षांच्या परेडमधून मला एवढंच कळलंय. मैत्रीण पडली तेव्हा मी जागेवर राहू शकले, कारण मागे कुणीतरी तयार आहे हे मला ठाऊक होतं. घाटावर माझ्या जागेच्या भरवशावर दुसरं कुणी उभं होतं, आणि हे मी विसरले. पुलावर कदम मोडतात तोही हुकूम देऊन, सगळ्यांना सांगून. मनाला येईल तेव्हा नाही.

आणि सर्टिफिकेट?

हो, तेही हवंय, खोटं कशाला बोलू! दोन वर्षांनी 'बी' आणि तिसऱ्या वर्षी 'सी' परीक्षा. त्यासाठी हजेरी लागते आणि दहा दिवसांचा कॅम्पही. 'सी' असेल तर सैन्याच्या एनसीसी स्पेशल एंट्रीत लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीची संधी मिळू शकते. सिव्हिलवाल्यांना एक बोनस आहे. कॅम्पच्या मॅप रीडिंगमध्ये आपलाच प्रिझमॅटिक कंपास भेटतो. बॅक बेअरिंग मला सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलमध्ये कळलं नाही, उस्तादांनी दोन वाक्यांत शिकवलं. 180 पेक्षा कमी असेल तर 180 मिळवा, जास्त असेल तर वजा करा. ओरलला तोच प्रश्न आला!

'झाडू घेऊन फोटो काढता' हा टोमणाही ऐकलाय. काही वेळा खरा आहे. पण 2020 मध्ये करोनाच्या काळात 'एक्सरसाइज एनसीसी योगदान' खाली 18 वर्षांवरचे कॅडेट स्वेच्छेने मदत वाटपाला आणि रांगा लावायला उतरले होते. आणि घाटावर रात्री दीड वाजता निर्माल्याची शेवटची गोणी उचलताना फोटो काढायला कुणीच नव्हतं.

नवीन भरती वर्षाच्या सुरुवातीला असते. जरूर या. फक्त नाश्ता करून या! माझी रूममेट आता रांगेत माझ्या डाव्या हाताला उभी असते आणि दर रविवारी आधी मला एक केळं खायला लावते.

बुटांचा आवाज कमी करायचा प्रयत्न करू. जय हिंद!

— एक कॅडेट, टी. ई. (सिव्हिल)