कान आणि मेंदू (भाग ६) : विसरले, की ऐकलंच नाही?

घाटावर असो की घाटाखाली, बुलढाणा जिल्ह्यातल्या अनेक गावांत एखादे तरी फौजी आजोबा भेटतात. चालणं अजून ताठ, पण टीव्हीचा आवाज चार घरं ओलांडून जाणारा. घरच्यांच्या दोन तक्रारी असतात: 'ऐकत नाहीत' आणि 'हल्ली विसरतात'. पहिली वयावर ढकलली जाते, दुसरीची काळजी केली जाते. माझ्या मते इथेच गफलत होते.

या फौजी कानांनी काय सोसलं, ते आधी पाहू. कारखान्यात आठ तास काम करणाऱ्याच्या कानाला ८५ डेसिबलपुढचा आवाज धोक्याचा मानतात. रायफलची गोळी सुटते तेव्हा नेमबाजाच्या कानाशी दीडशे डेसिबलच्या वर आवाज होतो. शिवाय हे माप साधं नाही. दर दहा डेसिबलला ऊर्जा दहापट होते. म्हणजे ८५ आणि १५५ यांतला फरक सत्तरचा नाही, एक कोटी पटींचा आहे. १९९९च्या कारगिल युद्धात आपल्या तोफखान्याने सुमारे अडीच लाख गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली. तेव्हा तोफेशी उभा असलेला पंचविशीतला जवान आज पन्नाशी ओलांडून गेला आहे.

कानाच्या आतल्या शंखात आवाज टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. गोळीबाराने आधी बळी जातात त्या ४००० हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर टिपणाऱ्या. स, श, फ यांची धार तिथेच असते. म्हणून माणूस म्हणतो, "आवाज येतो, पण काय म्हणता ते कळत नाही." 'सात' म्हटलेलं त्याला 'हात' वाटतं. हाक मात्र बरोबर ऐकू जाते, आणि मग घरचे म्हणतात, यांना हवं तेवढंच ऐकू येतं! (हा आरोप मीही एकेकाळी केला आहे.)

गळालेली अक्षरं मेंदूला अंदाजाने भरावी लागतात. सगळी शक्ती ऐकण्यात खर्च झाली, की लक्षात ठेवायला उरते थोडी. मग पारावर जाणं कमी होतं, लग्नकार्यात कोपरा धरला जातो, बोलणं आटतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण टाळता येण्याजोगी चौदा कारणं मांडली; त्यांत बहिरेपणा वरच्या क्रमांकांत आहे. स्फोटाजवळ राहिलेल्यांचं दुखणं आणखी वेगळं: धक्का थेट मेंदूलाही बसतो. कधी तपासणीत कान चांगला निघतो, तरी गर्दीत बोलणं समजत नाही.

श्रवणयंत्राने स्मृतिभ्रंश टळतो का? अमेरिकेत ९७७ वृद्धांवर तीन वर्षं चाललेल्या चाचणीचा निकाल २०२३मध्ये आला. एकूण गटात फरक दिसला नाही. पण ज्यांना धोका आधीच जास्त होता, त्यांच्यात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. म्हणजे हमी नाही, पण आशेला जागा आहे. यंत्र घेऊन आठवड्यात कपाटात ठेवणाऱ्यांना मात्र काहीच मिळत नाही. सुरुवातीला भांड्यांचा आवाजही अंगावर येतो. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिले दिवस घरात, एकाच माणसाशी बोलताना वापरावं.

आता माझा मुख्य मुद्दा. स्मृतीच्या चाचणीत डॉक्टर काही शब्द तोंडी सांगतात आणि थोड्या वेळाने विचारतात. जे शब्द कानापर्यंत पोहोचलेच नाहीत, ते आठवणार कुठून? चाचणी मेंदूची, नापास होतो कान, आणि कागदावर शिक्का बसतो विसरण्याचा. म्हणून आधी ऑडिओग्राम (कानाची चाचणी), मग स्मृतीची चाचणी.

तुमच्या घरी माजी सैनिक असतील, तर जिल्हा रुग्णालयात कानाची तपासणी करून घ्या. ते नोकरीत तोफखान्यात होते की पायदळात, स्फोटाजवळ होते का, हे डॉक्टरांनी न विचारताही त्यांना सांगा. सैन्यातल्या नोकरीची नोंद असलेलं डिस्चार्ज बुक सोबत न्या. आणि आजोबांशी बोलताना ओरडू नका. समोर, उजेडात बसा, ओठ दिसू द्या.

पुढच्या आठवड्यात: कानातली न थांबणारी गुणगुण.