घाण कुणाची, खर्च कुणाचा?

दिवाळीच्या तोंडावर आपण घर झाडून लख्ख करतो. पण केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटावा आणि झाडूवालीचा पगारही त्यानेच द्यावा, असे म्हणणारी गृहिणी महाराष्ट्रात सापडायची नाही. मोठमोठ्या कारखान्यांच्या बाबतीत मात्र हाच न्याय वर्षानुवर्षे चालत आला आहे.

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर, वाचकहो, नंदुरबार जिल्ह्यातल्या मणिबेलीस चला. अक्कलकुवा तालुक्यातले, नर्मदाकाठचे हे आदिवासी गाव. तेथे कारखाना नाही की विषारी गाळ नाही. पण सरदार सरोवराच्या बुडिताची झळ महाराष्ट्रात पहिल्याप्रथम लागली ती याच गावाला, 1993 साली. पाणी गेले गुजरातेत, वीज गेली तीन राज्यांत, आणि घरदार गेले मणिबेलीकरांचे!

गंमत अशी की, कागदावर न्याय चोख होता. नर्मदा पाणी तंटा लवादाने 1979 सालीच ठरवून दिले होते, की विस्थापितांच्या पुनर्वसनाचा खर्च गुजरातने सोसावा, जमिनीच्या बदल्यात जमीन द्यावी आणि हे सारे पाणी चढण्याच्या आधी व्हावे. म्हणजे ज्याला लाभ, त्याच्याच माथी खर्च. परंतु पाणी वेळेवर चढले. जमिनीसाठी मात्र माणसांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. 1994 साली जगभरच्या संघटनांनी मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये, असे जे जाहीरनाम्याने मागितले, त्याला नाव दिले ते या चिमुकल्या गावाचेच.

आता कारखान्यांकडे वळू. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे खेडे आहे. तेथे 1980 नंतरच्या दशकात कापडाच्या रंगांसाठी लागणारे ‘एच-ॲसिड’ तयार होऊ लागले. माल निघाला सुमारे 375 टन आणि मागे राहिला सुमारे 2,440 टन विषारी गाळ. म्हणजे किलोभर मालामागे सहा किलोंहून अधिक घाण! पावसाने ती जमिनीत मुरली आणि गावोगावच्या विहिरींचे पाणी नासले. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने निक्षून सांगितले, की ज्याने घाण केली त्यानेच ती निस्तरावी. पुढे साफसफाईसाठी 37 कोटी 38 लाखांवर रक्कम ठरली. पण कारखानदारांनी अर्जांमागून अर्ज करून प्रकरण 2011 पर्यंत रेटले. अखेर न्यायालयाने चक्रवाढ व्याजासह रक्कम भरण्याचा हुकूम दिला. पण तोवर एक अख्खी पिढी त्या विहिरींकडे नुसती पाहत वाढली होती.

आणि भोपाळ? 1984 च्या वायुकांडानंतर कारखान्यात पडून राहिलेला 337 टन विषारी कचरा 2025 च्या जानेवारीत पिथमपूरला हलवला गेला, तोही सरकारी खजिन्याच्या खर्चाने. खजिना म्हणजे तुमचा-आमचा कर! चोर सोडून संन्याशाला सुळी, ती हीच.

अमेरिकेने 1980 साली कायदा करून तेल व रसायनांवर कर बसवला आणि त्यातून बेवारस विषारी जागा साफ करण्याचा निधी उभारला. 1995 साली तो कर संपू दिला, तसा भार सामान्य करदात्यावर सरकला. रसायनांवरचा कर पुन्हा लागू व्हायला 2022 साल उजाडले.

यातून शहाणपण घ्यायचे ते साधे आहे. घरमालक भाडेकरूकडून अनामत आधी घेतो, घर मोडल्यावर नव्हे. कारखान्याकडूनही सफाईची अनामत परवान्याबरोबरच घ्यावी, आणि धरणाच्या बाबतीत जमीन आधी, पाणी मागाहून. निकाल लागेपर्यंत विहीर थांबत नाही आणि नदीही थांबत नाही.

असे केले तर साडीचा रंग चार पैशांनी महागेल, हे खरे. पण आजही ती किंमत कोणीतरी देतेच आहे. फक्त ते बिल आपल्या दारी येत नाही, एवढेच.