नाक जोडल्यानंतरचे पंचवीस दिवस

शस्त्रक्रियेच्या इतिहासातली माझी सर्वांत लाडकी हकिकत पुण्याची आहे. कावसजी नावाचा मराठा गाडीवान १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेच्या बैलांवर होता. तो टिपूच्या लोकांच्या हाती लागला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. साधारण वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाच्या कातडीतून त्याला नवे नाक करून दिले. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकिकत छापली. असे ऑपरेशन प्रत्यक्ष पाहिलेले थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले हे दोन डॉक्टर त्यात नावानिशी आहेत. ज्याच्या हातांनी नाक घडले त्याचे नाव त्या पानांत नाही, याची मला फार हळहळ वाटते.

त्याची पद्धत बघा. आधी मेणाच्या पातळ पत्र्याने नाकाचे माप घ्यायचे, पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायची. रेघेवरून कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधला चिंचोळा पट्टा शाबूत ठेवायचा. त्यातून रक्त मिळत राहते, म्हणून कातडी जगते. मग ती वळवून खाली आणायची आणि थोट्या नाकाच्या ताज्या केलेल्या कडांना भिडवायची. टाका एकही नाही! पाण्यात कालवलेला कात चिंध्यांना माखायचा आणि अशा पाच-सहा चिंध्या सांध्यावर एकावर एक बसवायच्या.

मला खरे वेड आहे ते यापुढच्या दिवसांचे. पहिले पाच-सहा दिवस रोग्याने उताणे पडून राहायचे. चार दिवस काताला हात लावायचा नाही, मग तो काढून तुपात भिजवलेल्या चिंध्या ठेवायच्या. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, म्हणजे भोके मिटत नाहीत. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तो पट्टा कापायचा. आजचा प्लास्टिक सर्जनही कपाळाच्या कातडीचे नाक करतो तेव्हा पट्टा साधारण तीन आठवड्यांनी तोडतो, कारण नव्या जागेतल्या रक्तवाहिन्या कातडीत रुजायला तेवढा वेळ लागतो. लंडनच्या जोसेफ कार्प्यू याने १८१४ मध्ये याच रीतीने नाक केले आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले.

बाकीचा इतिहास थोडक्यात. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म, पश्चात्कर्म असे तीन भाग आहेत आणि पोट, मूळव्याध, मुतखडा अशा शस्त्रकर्मांआधी उपाशी ठेवायला सांगितले आहे. १८४६ मध्ये बोस्टनला ईथरची भूल जगासमोर आली, १८६७ मध्ये लिस्टरने कार्बोलिकने जखमा निर्जंतुक ठेवायची रीत मांडली.

आता आजच्या ऑपरेशनांकडे, आमच्या गावाकडे येतो. आमचे नांदगाव पेठ नागपूर रस्त्यावर, अमरावतीच्या वेशीशीच. ऑपरेशन म्हटले की अमरावतीची इर्विन, पीडीएमसी ही रुग्णालये नाहीतर खासगी दवाखाना. नात्यागोत्यातल्या कुणाचे ऑपरेशन असले की मी जातोच, आणि सकाळी हटकून ऐकू येते, “मामाजी, घोटभर च्या घेऊन घ्या ना, काई होत नाई.” होते! भुलेत पोटातले वर येऊन फुफ्फुसात गेले तर जिवावर बेतते. दुधाचा चहा जेवणातच धरतात आणि त्याला सहा तासांची बंदी असते. साधे पाणी डॉक्टरांनी मुभा दिली तर दोन तास आधीपर्यंत चालते. दुसरी गोष्ट सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची. वर्षानुवर्षे खर्रा खाणाऱ्याचे तोंड पुरते उघडत नाही आणि भूलतज्ज्ञाला श्वासनलिकेत नळी घालणे कठीण होते. सासऱ्यासमोर लाज वाटत असेल तर त्यांना बाहेर पाठवा, पण डॉक्टरांना खरे सांगा.

ऑपरेशननंतर तीन गोळ्यांचे प्लास्टिकचे यंत्र हाती देतात. सगळे नातेवाईक ओरडतात, “फूक जोरानं!” ते फुंकायचे नसते, नळी तोंडात धरून सावकाश श्वास आत ओढायचा असतो. त्याने फुफ्फुसाचे मिटलेले कोपरे उघडतात. कावसजीला उताणे राहावे लागले. आज पोटाच्या किंवा गुडघ्याच्या बहुतेक ऑपरेशनांनंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे करतात, कारण पडून राहिले की पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि छातीत कफ साचतो. “भातानं पू होते” म्हणून रोग्याला पेजेवर ठेवणेही मला पटत नाही. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर वरण, उसळ, अंडी, दूध द्यावे; जखम भरायला प्रथिने लागतात.

माझे ठाम मत आहे की ऑपरेशनचे निम्मे यश घरच्यांच्या हाती असते, आणि घरी काय करायचे ते त्यांना मराठीत, तारखांसह लिहून मिळायला हवे. टाके कधी काढायचे, अंघोळ कधी, वजन कधी उचलायचे, बीपी-शुगरच्या गोळ्या कधीपासून, ताप आला किंवा जखम लाल झाली तर फोन कुणाला? दवाखान्यातून घरी सोडतात त्या दिवशी नर्सताईंकडून एवढे कागदावर उतरवून घ्या आणि मगच ऑटो बोलवा.