घरून काम : समज आणि प्रयोग

२०२० साली कोविडची साथ आली आणि असंख्य लोक घरून काम करू लागले. त्यामुळे काम वाढले की घटले? नुसत्या निरीक्षणावरून हे सांगता येत नाही. कारण त्याच वेळी शाळा बंद होत्या, मुले घरात होती, आजाराची भीती होती. कशाचा परिणाम किती, हे कसे वेगळे काढणार?

व्यवस्थापनशास्त्रातील एक प्रयोग इथे मदतीला येतो. २०१० मध्ये शांघायच्या सीट्रिप या प्रवास-आरक्षण कंपनीत निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी दूरध्वनीवर काम करणाऱ्या इच्छुकांचे दोन गट पाडले. सम जन्मतारखेचे लोक आठवड्यातील चार दिवस घरून काम करू लागले, विषम तारखेचे कार्यालयातच राहिले. जन्मतारखेचा कुवतीशी संबंध नसतो, म्हणून तुलना न्याय्य ठरली. नऊ महिन्यांत घरच्या गटाचे काम १३ टक्के जास्त भरले. तरीही निवडीची मोकळीक मिळताच त्यांतले सुमारे निम्मे लोक कार्यालयात परतले. मुख्य कारण होते एकटेपणा!

साथीच्या काळात, २०२१-२२ मध्ये, त्याच कंपनीतील १,६१२ जणांवर नवा प्रयोग झाला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्या गटात नोकरी सोडण्याचे प्रमाण एक-तृतीयांशाने घटले. कामाचा दर्जा मात्र घसरला नाही.

हे निष्कर्ष टेबलावरच्या कामापुरतेच आहेत. परिचारिकेला किंवा गवंड्याला ही निवडच नव्हती.

हजेरीपटावरील सम-विषम क्रमांकांनी गट पाडून शिकवण्याच्या दोन पद्धतींची अशी तुलना आपल्या वर्गातही करून पाहता येईल.